रांगती वेल

सिकॅमोरखाली गवत धरत नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली. तीनदा बी पेरलं, तीनदा हिरवी लव आली आणि मे महिन्यात झाडाची पानं उघडली की तीनदा ती पिवळी पडून गेली. बुंधा कुंपणापलीकडे शेजारच्या आजीबाईंचा, सावली आमची. वर पानांचं छत, खाली मुळांचं जाळं. ऊन वरच अडतं आणि पाऊस पडला तरी मुळं तो पिऊन टाकतात. इथले बागवान अशा जागेला 'कोरडी सावली' म्हणतात. मी कोकणातली, मला आधी हा शब्दच पटेना. आमच्याकडे पोफळीखालची सावली पायाला ओली लागते.

०

कोरड्या सावलीत टिकणाऱ्या झाडांची यादी लहान आहे. विंका, एपिमेडियम, वासाच्या पानांचं जिरेनियम. पॅकिसँड्राला सावली चालते, पण मातीत थोडी आंबट चव आणि ओल हवी; इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या या भागात माती चुनखडीची. सगळ्यांच्या याद्यांत शेवटी एकच नाव येतं, आणि तेही 'दुसरं काहीच जमलं नाही तर' अशा सुरात : आयव्ही.

आपल्याकडे हा शब्द घरात येतो तो बहुधा 'आयव्ही लीग'मधून. पोरगं तिथे लागलं की पेढे वाटायचे. वेल कोणी पाहिलेली नसते. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कितीतरी भिंतींवर असते ती 'बोस्टन आयव्ही', आणि ती खरी आयव्ही नव्हेच. ती द्राक्षाच्या कुळातली, मूळची चीन-जपानकडची, थंडी आली की पानं लाल करून गाळून टाकणारी. खरी आयव्ही, म्हणजे हेडेरा, बारमाही हिरवी.

०

हेडेराचं घराणं जिनसेंगचं. एक बहीण आपल्या हिमालयातही आहे, हेडेरा नेपालेन्सिस. मसुरीच्या बाजूला बांज ओकच्या बुंध्यांवर ती चढलेली दिसते. युरोपातल्या वेलीची फळं काळी, हिची पिवळी-नारिंगी. वीसेक वर्षांपूर्वी मसुरीला गेले होते, तेव्हा नक्कीच तिच्या शेजारून चालले असेन. फोटोंमध्ये शोधलं. एका फोटोत माझ्या मागे ती आहे. मी कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे.

०

निवड. रोपवाटिकेत आयव्हीच्या लहान कुंड्यांची एक अख्खी रांग होती. घाईत हात जातो तो चितकबऱ्या पानांकडे. पांढऱ्या किंवा पिवळ्या कडेचं पान अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड पाडेल असं वाटतं. पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तेवढं पान बिनकामाचं. अशा वेलीला उजेड जास्त लागतो. गडद सावलीत ती हळू वाढते, नवी पानं हिरवी व्हायला लागतात.

'गोल्डहार्ट' फार सुंदर, पानाच्या मधोमध पिवळा ठिपका. भिंतीवर ती शोभते, जमिनीवर मात्र विरळ आणि लांबट होते, माती नीट झाकत नाही. 'ग्लेशियर' राखी-हिरवी, पांढऱ्या कडेची. अर्ध्या सावलीत चांगली. 'आयव्हलेस'च्या पानांच्या कडा वर वळलेल्या, चकाकत्या. ती आखूड राहते, त्यामुळे छोट्या जागेला बरी. हेडेरा कोल्चिका, म्हणजे इराणकडची आयव्ही, हिचं पान तळहाताएवढं. चुरडलं की सेलरीसारखा वास येतो. मोठ्या उताराला ती छान, आमच्या वाफ्यात मात्र पाहुण्यांच्या घरी हत्ती बांधल्यासारखं झालं असतं.

मी साधी हिरवी हेलिक्स, म्हणजे इथली नेहमीची आयव्ही, घेतली. सावलीसाठी साधंच बरं, हे आईचं साड्यांबद्दलचं मत इथे उपयोगी पडलं.

०

कुंडीवर 'हेलिक्स' लिहिलं होतं खरं. घरी येऊन भिंगातून पाहिलं. आयव्हीच्या कोवळ्या पानांखाली चांदणीच्या आकाराचे बारीक केस असतात. हेलिक्सचे पांढरे आणि अंगावर काटा आल्यासारखे उभे, हिबर्निकाचे पानाला चपटे टेकलेले, तपकिरीकडे झुकणारे. माझ्या पंधरापैकी चार रोपांच्या चांदण्या चपट्या निघाल्या.

हिबर्निका म्हणजे अटलांटिक किनाऱ्याची आयव्ही, आयरिशही म्हणतात. हेलिक्सची गुणसूत्रं ४८, हिची बरोबर दुप्पट, ९६. पानं मोठी, वाढ जोरकस, जमिनीवर पसरण्यात हेलिक्सहून पुढे. दोघी एकमेकींत मिसळून विकल्या जातात. मी त्या चार जणींना कुंपणापासून लांब, मधोमध लावलं. दांडगट पोरांना वर्गात पुढच्या बाकावर बसवतात तसं.

०

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लावणीला हीच वेळ बरी. माती अजून कोमट असते, पुढचे चार-पाच महिने पाऊस असतो, झाडाची पानं गळून उजेड येतो. जागा साधारण सहा चौरस मीटर. पंधरा रोपं विकतची. आणखी पंधरा म्हणजे आजीबाईंच्या वेलीचे तुकडे, जे मी ऑगस्टमध्ये मातीत खोचून ठेवले होते. प्रत्येक पेराला मुळ्या फुटल्या. दोन रोपांत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर.

झाडाखाली खोल खणायचं नाही, मुळं तुटतात. माती भरून जमीन उंचही करायची नाही, मुळं गुदमरतात. मुळांच्या मधल्या फटी शोधून खुरप्याने खळगा करायचा, मूठभर कुजलेल्या पानांचं खत, मग रोप. लांब शेंडा असेल तर तो जमिनीला टेकवून वर माती टाकायची, पेरापाशी रुजतो. पहिला उन्हाळा पाणी घालायचं. वेल काटक आहे म्हणून पहिल्याच वर्षी पाणी न घालणं ही तिच्यापेक्षा आपलीच परीक्षा.

मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. ही वेल मी अर्धी मागून आणली. बघू.

०

आजीबाईंना सांगितलं, वर्ष झालं तरी जागची हलली नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी ती झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते, तिसऱ्या वर्षी उड्या मारते. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तिसऱ्या वर्षी इथेच राहणार आहात ना?

०

मागच्या कुंपणावर एक झुडूप आहे. घर घेतलं तेव्हापासूनच होतं. माथ्यावर फुगलेलं, पानं साधी, टोकदार बदामासारखी, एकही कंगोरा नाही. सप्टेंबरच्या शेवटी त्याला हिरवट-पिवळे गोल झुपके आले. फुलं म्हणावीत तर पाकळ्या नजरेत भरत नाहीत. कुंपण पुढे झुकतंय म्हणून एका रविवारी मी कात्री घेऊन अर्धं झुडूप उतरवलं. उतरवताना सगळीकडे माशा, मधमाश्या, एक लाल-काळं फुलपाखरू. इतकी गर्दी ऑक्टोबरात बागेत दुसरीकडे कुठेच नव्हती.

मग उरलेल्याचं खोड शोधत खाली गेले. खोड कुंपणाला केसाळ मुळ्यांनी चिकटलेलं. खाली खाली येताना पानं बदलत गेली. वर बदाम, मध्ये बेढब, आणि जमिनीजवळ पाच टोकांची, शिरांवर पांढरट रेघा असलेली, ओळखीची.

ते झुडूप आयव्हीच होतं. मी ज्या वेलीची पोरं वाफ्यात लावली होती तिचीच मोठी बहीण फुलात असताना मी कापली.

०

आयव्हीला दोन वयं असतात आणि दोन्हींत ती वेगळी झाडं वाटतात. लहानपणी टोकांची पानं, लवचीक दांडा, चिकटायला मुळ्या. उंच चढून उजेडात आली की पानं साधी होतात, दांडा ताठ होतो, मुळ्या येणं बंद होतं, फुलं येतात. त्याला बरीच वर्षं लागतात. जमिनीवर पसरून ठेवली, वर चढू दिली नाही, तर सहसा ती मोठी होतच नाही. फुलत नाही, फळत नाही.

म्हणजे वाफा झाकायला वेल लावणं म्हणजे तिला कायम रांगत ठेवणं. हे कळल्यापासून वाफ्याकडे बघताना थोडं अपराधी वाटतं. थोडंच.

०

मनी प्लांटचंही तेच. बाटलीत, कुंडीत तो आयुष्यभर बदामाएवढ्या पानांचा. आमच्या परसातल्या आंब्यावर एकदा चढला, तर वर सुपाएवढी, फाटलेल्या कडांची पानं आली होती. आजीला वाटलं, वेगळंच झाड उगवलं. पण फूल तिथेही नाही. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा. तो आपसूक फुलल्याची शेवटची माहीत असलेली नोंद १९६४ची. २०१६मध्ये कारण सापडलं : जिब्बरेलिन हे वाढीचं द्रव्य बनवण्याच्या साखळीतली एक कडी त्याच्यात चालत नाही. बाहेरून जिब्बरेलिन दिलं की तो फुलतो.

आयव्हीत तेच द्रव्य उलटं काम करतं. फुलायला आलेल्या आयव्हीला जिब्बरेलिन दिलं तर ती पुन्हा टोकांची पानं काढून चढायला लागते. एकाला ज्याने तारुण्य येतं, त्यानेच दुसरीला बाळपण.

०

ती ऑक्टोबरातली गर्दी का होती ते नंतर वाचलं. त्या दिवसांत दुसरं फारसं काही फुललेलं नसतं. मधमाश्यांची हिवाळ्याआधीची शेवटची मोठी बेगमी आयव्हीवर होते. त्या मधाची साखर इतकी लवकर होते की तो पोळ्यातच घट्ट बसतो, मधपाळ कुरकुरतात.

एक मधमाशी तर आयव्हीच्याच नावाची आहे, कोलेटेस हेडेरी. एकेकटी राहणारी, सप्टेंबर उजाडला की बाहेर पडणारी, पिल्लांसाठी मुख्यतः आयव्हीचे परागकण साठवणारी. वेगळी जात म्हणून तिची ओळख पटली ती १९९३मध्ये. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा दिसली २००१मध्ये, दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटला. माझ्याआधी चारच वर्षं आलेली. आयव्हीची फळं हिवाळ्याच्या शेवटी पिकतात, बागेत दुसरं खायला उरलेलं नसतं तेव्हा. ब्लॅकबर्ड आणि कबुतरं ती संपवतात.

कुंपण आता मागून दोन खांब ठोकून सरळ केलं आहे.

०

धाकटी बहीण ओरेगॉनात, पोर्टलंडजवळ. फोनवर वाफ्याचं कौतुक सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "ताई, तू ती विकत आणलीस?"

तिच्या राज्यात या वेलीच्या विक्रीलाच बंदी आहे. तिथे ती युरोपातून शोभेसाठी गेली आणि जंगलात शिरली. तिथल्या हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा सौम्य, पानं गाळणारी थंडी कमी. आयव्हीला माहेरच. आणि जंगलात शिरलेली ती 'इंग्लिश' आयव्ही तपासली तर बहुतेक ठिकाणी हिबर्निका निघाली, माझ्या वाफ्यातल्या दांडगट चौघींची जात. जंगलाची जमीन ती गोधडीसारखी झाकते. खाली नेच्याला, रानफुलाला, झाडाच्या रोपालाही वाव राहत नाही. मग बुंध्यावर चढते, वर फुलते, फळते, आणि पक्षी तिचं बी पुढच्या दरीत नेऊन टाकतात.

पोर्टलंडच्या हद्दीत फॉरेस्ट पार्क नावाचं पाच हजार एकरांहून मोठं जंगल आहे. १९९४पासून तिथे वेल उपटणाऱ्यांची एक मोहीम चालते. तिचं नाव 'नो आयव्ही लीग'. बहीण महिन्यातल्या एका शनिवारी जाते. पद्धत अशी : झाडावर चढलेली वेल छातीच्या उंचीवर सगळीकडून कापायची, बुंध्याभोवतीची जमीन मोकळी करायची. वरची वेल ओढायची नाही, फांदी डोक्यात पडते. ती जागच्या जागी वाळते. मोकळ्या जमिनीवर तिथलं स्वतःचं झाड लावायचं, स्वोर्ड फर्न किंवा बुटकं ओरेगॉन ग्रेप.

मी म्हटलं, इथे ती इथलीच आहे. ती म्हणाली, "हो गं, माहेरी सगळेच शहाणे असतात."

०

अर्ध्या बाह्यांत वेल छाटली. संध्याकाळी हातावर लाल चट्टे, खाज. आईला व्हिडिओवर दाखवलं. "बिब्बा उतलाय की काय? खोबरेल लाव."

आयव्हीच्या रसात फाल्कॅरिनॉल असतं, काहींच्या कातडीला ते सोसत नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्या, एवढाच धडा. फळं-पानं पोटात जाऊ द्यायची नाहीत, लहान मुलं असतील तर जास्त जपायचं.

पण आईचा अंदाज दुसऱ्या एका वेलीबाबत अगदी बरोबर ठरला असता. अमेरिकेतली 'पॉयझन आयव्ही' नावापुरतीच आयव्ही. तिचं कूळ आंब्या-काजूचं आणि बिब्ब्याचं. तीन-तीन पानांचा झुपका, आणि रसात उरुशिऑल. काजूच्या टरफलाचं तेल अंगाला लागून ज्याची साल निघाली आहे त्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. न्यू जर्सीतली नातेवाईक मंडळी आयव्ही म्हटलं की दोन पावलं मागे सरतात. एका नावाने दोन्ही वेलींच्या संसारात बिब्बा घातला आहे.

०

आयव्ही बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं. आयव्हीची मुळं जमिनीत, आणि बुंध्यावरच्या त्या केसाळ मुळ्या फक्त धरून ठेवायला. त्यांतून एक चिकट द्रव येतो, त्यात नॅनो आकाराचे कण असतात, ते खरबरीत सालीच्या बारीक फटींत शिरून घट्ट होतात. झाडाला धोका असलाच तर तो वजनाचा : आधीच म्हातारं झालेलं झाड, वर वेलीचा फुगा, आणि हिवाळ्यातलं वादळ.

भिंतींचंही तसंच. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या हेदर व्हाइल्स यांनी जुन्या दगडी भिंतींवर अभ्यास केला. धड भिंतीवर आयव्ही पांघरुणासारखी असते. आतला दगड फार तापत नाही, फार गारठत नाही, रस्त्याची धूळ-काजळी पानांवर अडते. भिंतीला आधीच भेग असेल तर मात्र मुळं आत जाऊन ती मोठी करतात.

थोडक्यात, ती नवं भांडण लावत नाही, जुनं वाढवते. नातेवाइकांत असे आहेत.

०

तिसरं वर्ष. उड्या.

माती दिसेनाशी झाली. तण जवळजवळ नाही. जानेवारीच्या गारठ्यात काही पानांवर जांभळट छटा आली, शिरा चांदीच्या. शेजारचं सगळं करडं असताना तेवढाच तुकडा जिवंत. मध्ये लावलेले डॅफोडिल्स पानांतून वर आले. स्नोड्रॉप्स मात्र दबले. ते काढून कडेला हलवले. नेचे मजेत आहेत. गोगलगायीही.

काही पानांवर तपकिरी ठिपके. तो जिवाणूचा रोग, दाटीत आणि वरून पाणी मारल्याने पसरतो. ठिपक्यांची पानं वेचून टाकली.

०

कामाचं वेळापत्रक, स्वतःसाठी :

फेब्रुवारीअखेर वाफ्यावरून मोठी कात्री, पाव वीत उंची ठेवून. नवं पान ताजं येतं, दाटी राहते. कुंपणावरची छाटणी मार्च उजाडायच्या आत; मग पक्षी घरटी करतात, आणि वापरातलं घरटं मुद्दाम मोडणं इथे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. जून आणि सप्टेंबरात कडा : पायवाटेवर आलेला प्रत्येक शेंडा कापायचा, सिकॅमोरच्या दिशेने निघालेला परत फिरवायचा. कापलेलं तसंच मातीवर टाकायचं नाही, पेरापेरांतून रुजतं.

'एकदा लावा आणि विसरा' असं जमीन झाकणाऱ्या झाडांबद्दल म्हणतात. आयव्हीच्या बाबतीत लावणं एका दुपारचं काम आहे. निवड खरी ती नंतर, दर वर्षी, कात्री कुठे थांबवायची याची.

०

कुंपणावरच्या फुलणाऱ्या फांदीची काडी गेल्या वर्षी कुंडीत लावली. फार सावकाश मुळं धरली. आता हातभर उंच आहे, ताठ, बदामाच्या पानांची. एकही शेंडा खाली वाकलेला नाही, एकही मुळी बाहेर काढलेली नाही. मोठ्या वेलीची काडी मोठीच राहते. बागवान याला 'ट्री आयव्ही' म्हणून विकतात.

कुंडी वाफ्याच्या कडेला ठेवली आहे. खाली तिच्याच वंशाची पोरं रांगतायत, ही उभी. यंदा चार झुपके फुलले.

०

बहीण आली. विमानतळावरून आल्या आल्या मागचं दार उघडून बागेत गेली, चपला न घालता. वाफा पाहिला, कुंपण पाहिलं, त्यावरची गुणगुण ऐकत बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही. आत येताना वाकली आणि फरशीच्या फटीत शिरलेला एक शेंडा तिने सवयीने मुळासकट ओढून काढला.

मी बोलले नाही. तो पायवाटेवरचाच होता.